सहाव्या महिन्यात स्पिनिंग: जोर किती लावावा?

प्रश्न: स्पिनिंगची (जिममधल्या जागेवरच्या सायकलची) जुनी सवय आहे, आता गरोदरपणाचा २४वा आठवडा. नाडी १४० च्या वर नको म्हणतात, पण ती वॉर्म-अपमध्येच तिथे पोचते. इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ सावकाश) बंद करू का? शिवाय वाकलं की मांडी पोटाला लागते.

उत्तर १: १४० चा आकडा अमेरिकी प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ मध्ये दिला आणि १९९४ मध्ये काढूनही टाकला. क्लासवाले मात्र अजून तोच धरून बसलेत! गरोदरपणात बसल्या जागीही नाडी १०-२० ने वाढलेली असते. त्यापेक्षा बोलून बघा: पेडल मारताना पूर्ण वाक्य बोलता आलं तर ठीक, दोन शब्दांत धाप लागली तर रेझिस्टन्स (पेडलचा जडपणा) उतरवा. सौम्य इंटरव्हल चालतील. जीव तोडून स्प्रिंट नको. कमाल नाडीच्या ९० टक्क्यांवर गर्भाशयाचा रक्तपुरवठा घटल्याचं अव्वल खेळाडूंमध्ये दिसलंय.

उत्तर २: हँडल सीटपेक्षा वर घ्या आणि जवळ ओढा, पाठ सरळ राहते. गुडघे किंचित बाहेर. ओटीपोटाच्या पुढच्या हाडात दुखत असेल तर उभं राहून चढ मारणं बंद. पंखा थेट अंगावर हवा. बाहेर वारा लागतो, घरात नाही, म्हणून अंग लवकर तापतं.

उत्तर ३: रक्तस्राव, पाणी जाणं, कळा, चक्कर, छातीत दुखणं, एकाच पोटरीला सूज: यातलं काहीही झालं की लगेच उतरा, डॉक्टरांना फोन करा. आणि वार (प्लासेंटा) खाली असल्याचं सोनोग्राफीत आलं असेल तर आधी त्यांना विचारा, मग सायकल.