बाहेरचे आवाज रेकॉर्ड करायला स्वस्तातला माइक कोणता? (स्वतः वापरलेलेच सांगा प्लीज)

पानगळ
नमस्कार मंडळी. गेलं वर्षभर मोबाइलवर आवाज गोळा करतेय, पत्र्यावरचा पाऊस, पहाटेचे पक्षी, जिन्यातली पावलं, आजी दुसऱ्या खोलीत स्वतःशीच गुणगुणते ते, असं काहीही. आता मोबाइल पुरत नाहीये. शांत जागी मागे सतत स्स्स्स येतं, जरा वारा सुटला की सगळं भर्रर्र होऊन जातं, आणि सगळ्यात त्रास म्हणजे पक्षी बोलायचा थांबला की मागचा आवाज आपोआप वर चढतो नि तो परत बोलला की दबतो.

शिवाय एक घुबड आहे. रात्री लांबून बोलतं, मला कानाने स्वच्छ ऐकू येतं, पण रेकॉर्डिंगमध्ये येतच नाही. किती रात्री प्रयत्न केलाय. मला ते हवंय.

एक छोटा जुना रेकॉर्डर मिळालाय, बाहेरचा माइक लावायला ३.५ मिमीचं भोक आहे त्याला. महागडं काही झेपणार नाही. शॉटगन (लांब नळीचा, समोरचंच ऐकणारा) घेऊ का कॉलर माइक (कपड्याला लावायचा) घेऊ का अजून काही? यूट्यूबवर सगळे बोलण्यासाठीचेच माइक दाखवतात.

वाटसरू
मोबाइलमधला चढउतार हा ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करणं) आहे, त्यात नॉइज सप्रेशन (मागचा आवाज दाबणं) पण असतं, फोनला वाटतं माणसाचा आवाज सोडून बाकी सगळा कचरा. तुमचं घुबड फोनने कचऱ्यात टाकलंय. मॅन्युअल लेव्हल देणारं नि प्रोसेसिंग बंद करू देणारं रेकॉर्डिंग अॅप मिळालं तर बघा, फरक पडतो. पण रेकॉर्डर आहे म्हणता तर तोच वापरा, ऑटो लेव्हल बंद, लिमिटर (मोठा आवाज आपोआप दाबणारं) बंद, फाइल २४ बिट ४८ किलोहर्ट्झ वेव्ह. एमपी३ नको.

खडखड_तबकडी
शॉटगन घेऊ नका एवढंच आधी सांगतो. लोकांना वाटतं शॉटगन म्हणजे आवाजाची दुर्बीण. तो लांबचं जवळ आणत नाही, बाजूचं थोडं कमी करतो इतकंच, आणि खालच्या सुरांना तर तेही फार करत नाही. वर दिशा असलेले माइक वाऱ्याला जास्त नाजूक, हातात धरले की धक्के पण जास्त ऐकू येतात. तुमच्या कामाला चारी बाजूंनी ऐकणारे साधे ऑम्नी बरे.

रातकिडा
पानगळ, जरा लांबण लागेल पण मी यात पाचसहा वर्षं घालवलीयेत म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्हाला जे स्स्स्स ऐकू येतं त्याचे दोन उगम असतात, एक माइकचा स्वतःचा आवाज (सेल्फ नॉइज) आणि दुसरा रेकॉर्डरच्या प्रीअँपचा (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग). माणसाचं बोलणं जवळून घ्यायचं असेल तर दोन्ही झाकले जातात म्हणून बोलण्याच्या माइकच्या रिव्ह्यूत याबद्दल कोणी काही बोलत नाही. पण शांत रात्री बाहेरचा आवाज २०-२५ डेसिबलपर्यंत उतरतो आणि साध्या कॉलर माइकचा स्वतःचा आवाजच बरेचदा २५-३० च्या घरात असतो. म्हणजे घुबड माइकच्या सळसळीखाली गाडलं गेलं. मग गेन कितीही वाढवा, सळसळ पण तेवढीच वाढणार.

म्हणून माइक घेताना पहिला आकडा सेल्फ नॉइजचा बघा. तो दिला नसेल आणि फक्त सिग्नल टू नॉइज दिला असेल तर तो ९४ मधून वजा करा. ८० असेल तर सेल्फ नॉइज १४, ६४ असेल तर ३०. दोन्ही आकडे दिलेलेच नसतील तर मी तरी तो माइक शांत आवाजांसाठी घेत नाही.

स्वस्तात यावर तोडगा म्हणजे प्रिमो कंपनीचं ईएम२७२ नावाचं इलेक्ट्रेट कॅप्सूल, म्हणजे माइकमधला आवाज पकडणारा मूळ भाग. १० मिमीची छोटी डबी आहे, सेल्फ नॉइज १४ डेसिबल. आधी ईएम१७२ यायचं, जुन्या लेखांत तेच नाव सापडेल. क्लिपी म्हणून मिळतात ते माइक याच कॅप्सूलवर आहेत, आणि सोल्डरिंग येत असेल तर सुटी कॅप्सूल, पातळ शील्डेड केबल आणि स्टिरिओ जॅक घेऊन घरी जोडी बनते. मी पहिली जोडी घरीच बनवली, एका कॅप्सूलला डाग देताना जास्त वेळ सोल्डरिंग आयर्न टेकवलं आणि ते गेलं, तेव्हा पटकन टेकवून पटकन उचला.

दुसरा फायदा असा की हे कॅप्सूल जोरदार आहे, १ पास्कलला (आवाजाच्या दाबाचं एकक) साधारण ४० मिलिव्होल्ट देतं. म्हणजे रेकॉर्डरचा गेन फार चढवावा लागत नाही आणि जुन्या रेकॉर्डरच्या प्रीअँपची सळसळ खालीच राहते. तुमच्याकडे आहे तसल्या छोट्या रेकॉर्डरला हीच गोष्ट वाचवते.

जोडताना लक्षात ठेवा, मेनूत प्लग-इन पॉवर (रेकॉर्डरने जॅकमधूनच माइकला दिलेली थोडी वीज) चालू करायची, नाहीतर माइक मुका. मोठ्या रेकॉर्डरच्या ४८ व्होल्ट फँटमला (मोठ्या माइकना वीज देणारी सोय) थेट लावायचं नाही, मध्ये अॅडॅप्टर हवा. आणि मोबाइलच्या हेडफोन भोकात हा स्टिरिओ जॅक चालत नाही, तिथलं कनेक्शन वेगळं असतं आणि माइकचं इनपुट मोनो.

ऐकतोय
३२ बिट फ्लोटचा (खूप बारीक ते खूप मोठा आवाज एकदम धरणारा) रेकॉर्डर घेतला तर हे सगळं आपोआप सुटत नाही का? लेव्हल पण लावावी लागत नाही म्हणे.

रातकिडा
लेव्हलची चिंता जाते हे खरंय, आवाज अचानक मोठा झाला तरी रेकॉर्डरमध्ये फाटत नाही. विजा, फटाके, दार आपटणं यासाठी उत्तम. पण माइकची सळसळ जशीच्या तशी राहते, वारा तसाच राहतो, आणि कॅप्सूलच जर वाऱ्याने किंवा मोठ्या आवाजाने फाटलं तर फाइल कितीही बिटची असो, ते दुरुस्त होत नाही. घुबडासाठी पैसे माइकला आणि फरला (वारा अडवणाऱ्या केसाळ कव्हरला) घाला.

खडखड_तबकडी
फरबद्दल मी लिहितो कारण माझं निम्मं आयुष्य त्यात गेलंय. माइकसोबत जो काळा स्पंज येतो तो घरातल्या फुंकरीपुरता. बाहेर झुळूक आली की संपलं. केसाळ कव्हर हवंच, ज्याला डेडकॅट म्हणतात ते, आणि स्पंज असेल तर स्पंजाच्या वरून. लांब केसांचं खोटं फर आणून घरी शिवता येतं, फक्त मागचं कापड विणीचं आणि विरळ हवं, तोंडाला लावून श्वास घ्या, अडकला तर ते फर नको, आवाज पण तसाच अडकेल आणि सगळं गोधडीतून आल्यासारखं येईल.

आणि अजून एक, माइकच्या जाळीला फर घट्ट चिकटवू नका. जाळी आणि फर यांच्यात जितकी स्थिर हवा तितका वारा कमी. म्हणून चहाच्या गाळणीसारख्या जाळीच्या दोन वाट्या जोडून त्यात कॅप्सूल टांगून वरून फर घातलं तर नुसत्या फरापेक्षा खूपच फरक पडतो, मी एकाच दिवशी दोन्ही शेजारी ठेवून ऐकलंय.

जोडी लावायला झाडासारखं स्टँड नाही. मांडीएवढ्या जाड खोडाच्या दोन बाजूंना दोन माइक बांधा, साधारण कान असतात तसे. मध्ये खोड असल्यामुळे डावं उजवं इतकं सुंदर वेगळं होतं की हेडफोन घातला की तिथेच उभं असल्यासारखं वाटतं. वर खोडाचा आडोसा मिळतो तो वेगळाच. केबल मात्र झाडाला रबर लावून बांधा, सैल केबल हलली की टक टक येतं.

पानगळ
बापरे किती माहिती, दोघांचेही खूप आभार!! आता दोन माइक मिळताहेत, एक ओळखीच्यांनी वापरून दिलेला कॉलर माइक आणि एक ईएम२७२ ची तयार जोडी. कोणता चांगला हे घरी कसं तपासू? मी नुसतं ऐकलं तर मला जो मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो.

रातकिडा
ते सगळ्यांचंच होतं, कान तसेच असतात. म्हणून लेव्हल जुळवल्याशिवाय तुलना करायचीच नाही.

रात्री उशिरा, पंखा फ्रिज बंद, भिंतीवरच्या घड्याळापासून तीन मीटरवर दोन्ही माइक अगदी शेजारी ठेवा. एकच रेकॉर्डर आहे म्हणजे आळीपाळीने, पण घड्याळ तेच, जागा तीच, प्रत्येकी दोन मिनिटं, आणि तुम्ही खोलीबाहेर. मग ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) दोन्ही फाइल टाकून टिकटिक सारख्या उंचीची होईपर्यंत एकीची लेव्हल वर करा. आता टिकटिकच्या मधली जागा ऐका. माइकची खरी परीक्षा तिथे होते. घरच्या कोणाला तरी फाइलींची नावं बदलायला सांगा आणि न बघता ओळखा, मी हे केल्यावर माझी दोन मतं बदलली.

वाऱ्यासाठी टेबलफॅन कमी वेगावर, तिरका, दोन मीटरवरून. पंख्याचा स्वतःचा आवाज असतो त्यामुळे याने सगळं कळत नाही पण कोणतं फर टिकतं ते कळतं. आणि लो कट (खालचे सूर कापणारा फिल्टर) ८०-१०० हर्ट्झच्या वर नेऊ नका, घुबडाचा घुमारा खालच्या सुरात असतो.

वाटसरू
पॅराबोलिक डिश (आवाज माइकवर गोळा करणारी वाटीसारखी थाळी) सुचवणार होतो पण घुबड म्हटल्यावर राहू द्या. ५० सेंटिमीटरची डिश साधारण ७०० हर्ट्झच्या खाली फारशी मदत करत नाही. छोट्या किलबिलणाऱ्या पक्ष्यांना मस्त.

रातकिडा
बरोबर. त्यापेक्षा अंतर कमी करा. उघड्यावर अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल वाढतात, हे कोणताही माइक बदलून इतक्या सहज मिळत नाही. पण घुबडाच्या अगदी झाडाखाली, घरट्याजवळ जायचं नाही, आणि आवाज वाजवून बोलवायचं तर मुळीच नाही. संध्याकाळीच रेकॉर्डर लावून निघून यायचं.

पानगळ
तीन आठवड्यांनी येतेय. घड्याळाची टेस्ट केली. कॉलर माइकमध्ये दोन टिकटिकींच्या मध्ये पाऊस पडतोय असं वाटतं, आणि जोडीमध्ये अक्षरशः खोली ऐकू येते, खाली कोणीतरी नळ सोडला तेही. आजीचं गुणगुणणं पण घेतलं, दाराबाहेरून, तिला सांगून, आणि तिनेच हेडफोन लावून दोनदा ऐकलं.

बाहेर पहिल्या रात्री दव पडलं आणि पहाटे उजव्या माइकमधून कटकट यायला लागली, घाबरले होते, पण दिवसभर घरात वाळल्यावर गेली. आता सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवते. काल वारा नव्हता, झाडाला बांधून तीन तास लावलं, तीन जीबीची फाइल आहे. आता एवढं ऐकायचं कसं? अर्धा तास ऐकलं, रातकिडेच आहेत (तुम्ही नव्हे).

रातकिडा
ऐकू नका, बघा. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या नावावर क्लिक करून स्पेक्ट्रोग्राम (आवाजाचे सूर चित्रात दाखवणारं दृश्य) निवडा, सेटिंगमध्ये वरची मर्यादा २००० हर्ट्झ करा म्हणजे किड्यांचा वरचा पट्टा दिसणारच नाही. दहा दहा मिनिटांचा तुकडा स्क्रीनवर घ्या. घुबड म्हणजे तळाशी छोट्या आडव्या रेघा, सारख्या अंतराने. गाडी गेली तर ढगासारखा डाग दिसतो, तो सोडून द्या. आणि पुढच्या वेळी सुरुवातीला तारीख, वेळ, जागा तोंडाने बोलून ठेवा, वर्षाने फाइल उघडली की कळतं काय आहे ते.

पानगळ
२ तास १४ मिनिटं. तीन रेघा, मग थांबून परत तीन. आहे!! लांबून आहे, बारीक आहे, पण मागे ते स्स्स्स नाही. आजीला ऐकवून येते.