यीशिंगच्या चहादाणीतील उभी रेषा: तडा की जोड?

प्रश्न:
नमस्कार. नोकरीनिमित्त शांघायला राहणाऱ्या भाच्याने मला यीशिंगची मातीची चहादाणी आणून दिली आहे. ती जेमतेम दीडशे मिलिलिटरची, जांभळट तपकिरी रंगाची असून तिला आतून-बाहेरून कुठेही झिलई नाही. आत बोट फिरवले की कानाच्या बरोबर मागे तळापासून तोंडापर्यंत एक बारीक रेषा हाताला लागते. हा तडा असेल का? आणि झिलई नसलेले हे भांडे धुवावे कशाने?

प्रतिसाद १:
कानाच्या मागे आहे म्हणता, म्हणजे ती बहुधा जोडाची रेषा असावी. च्यांग्सू प्रांतात ताय सरोवराच्या पश्चिमेला असलेल्या यीशिंगमध्ये ही भांडी परंपरेने चाकावर काढत नाहीत. तिथली झीशा ही माती मुळात खडकाच्या रूपात खाणीतून निघते. ती उघड्यावर ऊन-पावसात फुटू देतात, मग दळून, भिजवून मुरवत ठेवतात. अशा मातीची पट्टी लाकडी मोगरीने ठोकून सपाट करायची, तिचा गोल नळा वळवून टोके जोडायची आणि मग आतून बोटांचा आधार देत बाहेरून थापीने थापटत वरची कड हळूहळू आत आणायची. आपले कुंभारही मडके थापटूनच फुगवतात, पण ते आधी चाकावर काढलेले असते. इथे गोलाई सुरुवातीपासून थापीवरच येते. तोंड चकतीने बंद करून भांडे उलटे करतात आणि दुसरी बाजूही तशीच आवळतात. तोटी आणि कान त्याच मातीच्या पातळ लगद्याने चिकटवतात. पट्टीचा जोड कानाखाली झाकला जावा, असाच बेत असतो. शेवटी शिंगाच्या पातळ पात्याने पृष्ठभाग घोटतात. झिलईशिवाय दिसणारी ती मंद चकाकी या घोटण्याची असते, आणि माझ्या मते कारागिराचा खरा हात तिथेच ओळखू येतो.

मात्र केवळ जोड दिसला म्हणून भांडे पूर्णपणे हाताने घडवलेले आहे, असे समजू नये. पट्टी साच्यात दाबून केलेल्या भांड्यांतही असा जोड असतो. विक्रेते ही गोष्ट सांगत नाहीत. मी स्वतः एकदा दुप्पट किंमत मोजून बसलो आहे.

प्रतिसाद २:
धुण्याविषयी सांगतो. साबण अजिबात लावू नये. ही माती साधारण 1100 ते 1200 अंश सेल्सियसला भाजलेली असल्याने पाणी पाझरत नाही, तरी तिच्यात सूक्ष्म रंध्रे राहतात आणि ती वास धरून ठेवतात. म्हणूनच जाणकार एका चहादाणीत एकाच जातीचा चहा करतात, मग तो ऊलाँग असो की पुअर. गरम पाण्याने विसळून झाकण काढून वाळू द्यावी. आपला दुधाचा चहा तिच्यात करू नये, कारण दुधाचा स्निग्धांश रंध्रांत बसून खवट होतो. गॅसवर तर ती कधीच ठेवू नये. तड्याची शंका असेल, तर कोमट पाणी भरून रात्रभर कोऱ्या कागदावर ठेवून पाहा.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल रात्री पाणी भरून ठेवले होते, सकाळी कागद कोरडा होता. विजेरीच्या उजेडात आत पाहिले, तेव्हा रेषेच्या दोन्ही अंगांना माती बोटाने दाबून सारखी केल्याच्या खुणाही दिसल्या.