मदत हवी आहे : बर्गनमध्ये एक दिवस, सोबत आई

नमस्कार मंडळी, जूनमध्ये आईला घेऊन नॉर्वेला चाललोय, बर्गनला एकच दिवस हातात आहे आणि तिचे गुडघे दुखतात त्यामुळे चढउतार जमेल तेवढा टाळायचाय. ब्रिगन, म्हणजे बंदराकाठची जुनी वस्ती, तर बघायचीच, १७०२ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेली ती लाकडी घरं, पण आतल्या बोळांत खाली फळ्या आहेत, पावसात पाय घसरतो का? नंतर फ्लोयबानेन या डोंगरावर चढणाऱ्या रेल्वेने ३२० मीटर उंचीवर जावं की केबल कारने उलरिकेन डोंगरावर, ६४३ मीटर? ढग आले तर वरून काहीच दिसणार नाही ना... छत्री टिकते की रेनकोटच घ्यावा? आई शाकाहारी आहे, मासळीबाजाराच्या आसपास तिला काही गरम मिळेल का? त्या लाल-पिवळ्या घरांचा फोटो तिने कधीपासून जपून ठेवलाय हो, कुणी वयस्कर माणसांना घेऊन जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा.