दिवाळी अंकांच्या फुकट पीडीएफ: वाचन वाढतंय की अंक मरताहेत?

वाचनवेडी: दिवाळी तोंडावर आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'यंदाचे सगळे अंक एकाच ठिकाणी' असा मेसेज पडतो. खाली अंगठ्यांची रांग आणि 'वाचनसंस्कृती जपताय, धन्यवाद!' मला हे अजिबात पटत नाही. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला. तिथून सुरू झालेली ही परंपरा अंक विकत घेणाऱ्यांच्या आणि वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत पैसे भरणाऱ्यांच्या जिवावर टिकली. वाचन मोबाइलवर गेलं, खुशाल जाऊ दे. लोकलमध्ये उभ्याने मीसुद्धा किंडलवरच वाचते. पण दुसऱ्याची मेहनत फुकट वाटणं याला वाचनप्रसार म्हणू नका. आणि उतरवून घेतलेल्या त्या ढीगभर फायली शेवटी वाचतं कोण?

खान्देशी: ताई, डोंबिवलीत राहून हे म्हणणं सोपं आहे. आमच्या तालुक्याच्या स्टॉलवर भविष्याचे आणि पाककृतींचे अंक येतात, बस्स. वाङ्मयीन अंक मागितला तर 'पैसे आधी द्या, मागवतो' म्हणतात आणि तो तुळशीचं लग्न उरकल्यावर हातात पडतो. गावचं वाचनालय 'ड' वर्गातलं, म्हणजे सरकारी अनुदान सगळ्यांत कमी. अनुदानात वर्तमानपत्रांची बिलं भागवतानाच ओढाताण, दिवाळी अंक योजना कुठून चालवणार? माझा भाचा कॉलेजात आहे, बाप दुसऱ्याच्या शेतात राबतो. त्या पोराने पहिली दीर्घकथा वाचली ती अशाच एका पीडीएफमध्ये. रात्रभर वाचली आणि सकाळी मला फोन करून तासभर तिच्यावरच बोलला. तुमच्या हिशेबात तो चोर?

अक्षरजुळणी: मी एका छोट्या अंकाची मांडणी करतो, म्हणून आतलं सांगतो. अंकाचा कणा म्हणजे जाहिरात. पतसंस्था, सराफ, बिल्डर. त्यांचा पहिला प्रश्न, 'प्रती किती खपतात?' पीडीएफ हजारो मोबाइलवर फिरली तरी तो आकडा आम्हाला दाखवता येत नाही. खप घटला की जाहिरात घटते, आणि मग पहिली कात्री मानधनाला लागते. कागदवाला थांबत नाही, छापखाना थांबत नाही. लेखकाला मात्र थांबवता येतं. भाच्याला चोर कोणी म्हणत नाहीये. पण अंक स्कॅन करून वाटणारा गुन्हाच करतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

मस्कतवासी: कायदा मान्य, पण आमच्यासारख्यांनी काय करायचं? इथे अंक मागवला तर टपालखर्च किमतीच्या वर जातो. पैसे द्यायला मी एका पायावर तयार आहे, पण घ्यायचं काय? किंडलवर मराठी २०१६च्या डिसेंबरात आली, तरी कितीतरी अंक अजून ई-आवृत्ती काढत नाहीत. काही काढतात ते छापील पान जसंच्या तसं. मोबाइलवर एक रकाना खालपर्यंत वाचा, परत वर सरका, मग दुसरा. अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर. माझ्या आईची नजर गेली आहे. मोबाइल तिला बातम्या वाचून दाखवतो, पण अंकाची पानं म्हणजे नुसती चित्रं, त्यातला एक शब्द तो उच्चारत नाही. वाचक कुठे गेलाय हे संपादकांनी बघायला हवं.

अक्षरजुळणी: तक्रार रास्त आहे. आमच्याकडची जुळणी अजून जुन्या फॉन्टमध्ये चालते. ती युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलला वाचता येतील अशा अक्षरांत, नेली की रफार आणि जोडाक्षरं जागा सोडतात, म्हणजे अख्ख्या अंकाचं मुद्रितशोधन पुन्हा. ऐन दिवाळीत त्यासाठी ना माणूस असतो, ना पैसा.

वाचनवेडी: ई-अंक हवा, यात वाद नाही. पण खान्देशी दादा, फुकट वाचायचं तर सरळ मार्गाने कितीतरी आहे. विश्वकोश संकेतस्थळावर आहे, साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं आहेत, ज्या लेखकांना जाऊन ६० वर्षं उलटली त्यांचं हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन खुलं आहे. आज लिहिणाऱ्याच्या ताटात हात कशाला?

खान्देशी: कारण पोराला आजचं वाचायचंय, ताई. त्याच्या काळात जगणाऱ्या माणसाने लिहिलेलं. जुनं गरिबाला आणि नवं पैसेवाल्याला, ही वाटणी मी मानणार नाही. अक्षरजुळणी, तुम्ही एकेक कथा सुटी विका. दहा रुपये, यूपीआयवर, मोबाइलवर नीट वाचता येईल अशी. भाचा वडापावाचे पैसे वाचवून घेईल, याची हमी मी देतो.

अक्षरजुळणी: एखादी कथा तशी काढून बघता येईल, संपादकांशी बोलतो. पण तीही दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फुकट फिरली, तर?

खान्देशी: आमच्या ग्रुपवर फिरणार नाही, ते माझ्याकडे लागलं. पण यंदाच्या पीडीएफ मात्र मी काढून टाकणार नाही.