ब्लँक कॉल आला तर फोन ठेवायचा नाही

शनिवार

ए-३०१ ताई, सकाळी ७:५२
सर्वांना नमस्कार. गुरुवारी रात्री काय झालं ते लिहिते आहे. काल लिफ्टमध्ये बऱ्याच जणांनी विचारलं, पण घाईत सगळं सांगता आलं नाही. रात्री १:४० ला सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या. कपाळाला खोक पडली, रक्त थांबेना. आमचे हे नागपूरला गेले आहेत. मी हॉलमध्ये येऊन इंटरकॉमवरून गेटचा नंबर लावला. मला ऐकू येत नाही आणि माझं बोलणं अनोळखी माणसाला कळत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. वाटलं, वाजला तर कुणीतरी वर येईल. फोन उचलल्याचं डिस्प्लेवर दिसलं आणि चार-पाच सेकंदांत तुटल्याचंही दिसलं. तीनदा लावला, तीनदा तेच. ग्रुपवर टाकलं, तेव्हा सगळे झोपलेले. शेवटी टॉवेल सासूबाईंच्याच हातात दाबून धरायला दिला आणि तीन जिने धावत उतरले. सहा टाके पडले. आता त्या बऱ्या आहेत. वॉचमन मामांवर माझा राग नाही. त्यांना काहीच ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सी-२०२ काकू, ७:५८
अगं बाई! आणि आम्ही पलीकडच्या विंगेत गाढ झोपलेलो. सासूबाईंना सांग, दुपारी मऊ भात आणि तूप घेऊन येते.

सचिव, ८:१०
ताई, मामांशी बोललो. ते म्हणाले, "साहेब, ब्लँक कॉल होता, पोरं खेळतात तसा." चूक त्यांची नाही. ए-३०१ मध्ये कोण राहतं, तिथून फोन आला तर काय करायचं, हे सोसायटीने त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. त्याबद्दल कमिटीतर्फे मनापासून माफी मागतो.

ए-६०३, ८:१४
फार वाईट झालं. मूकबधिर व्यक्तींसाठी काहीतरी वेगळी सोय हवीच.

ए-३०१ ताई, ८:१६
दादा, एक विनंती. मूकबधिर नको, कर्णबधिर म्हणा. मी मुकी नाही. माझी भाषा आहे, ती हातांची आहे.

ए-६०३, ८:१७
क्षमस्व ताई. लक्षात ठेवतो.

बी-७०४ काका, ८:४०
ताई, तुमचा मेसेज तीनदा वाचला. थोडं मोठं लिहितो, सगळ्यांनी वाचावं. १९९६ ते २०१४ मी अमेरिकेत ओहायोत होतो, फोनयंत्रणा बसवणाऱ्या एका कंपनीत. आमचं बरंचसं काम ९११ च्या केंद्रांमध्ये असायचं. ९११ म्हणजे आपल्याकडचा ११२. आणि त्यातलं माझ्या वाट्याचं काम नेमकं हेच होतं: कर्णबधिर माणसाचा फोन आलाय हे ओळखणारी उपकरणं बसवायची. तुमचे ते तीन कॉल मी तिथे शेकडो वेळा पाहिलेत.

सी-१०५, ८:४३
काका, ऐकू न येणारा माणूस फोन कसा करायचा पण? तेव्हा तर व्हॉट्सॲप पण नव्हतं.

बी-७०४ काका, ८:५५
टीटीवायवरून. टेक्स्ट टेलिफोन. लहान टाइपरायटरएवढं यंत्र, पुढे कीबोर्ड, त्याच्या वर एका ओळीचा हिरवा डिस्प्ले आणि मागे दोन रबरी वाट्या. फोनचा रिसीव्हर त्या वाट्यांत पालथा ठेवायचा. इथे अक्षर दाबलं की यंत्र त्याचे सूर काढतं, तारेवरून ते पलीकडच्या यंत्रात जातात आणि तिथे पुन्हा अक्षर होऊन डिस्प्लेवर उमटतात. सूर दोनच, १४०० हर्ट्झ आणि १८०० हर्ट्झ. नुसता फोन कानाला लावला तर एखादा पक्षी चिवचिवतोय असं वाटतं.
हे शोधलं ते एका कर्णबधिर माणसानेच. रॉबर्ट वाइटब्रेख्ट, कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ, हौशी रेडिओवाले. १९६४ मध्ये त्यांनी जुने टेलिप्रिंटर साध्या फोनला जोडायची युक्ती काढली. फोन आला १८७६ मध्ये. ज्या ग्रॅहॅम बेलने तो आणला त्याची आई आणि बायको दोघींनाही ऐकू येत नव्हतं. तरी त्यांच्यासारख्यांच्या हातात फोन यायला जवळजवळ नव्वद वर्षं गेली. हे मला आजही लागतं.

सी-२०२ काकू, ९:०२
बायकोलाच फोन करता येऊ नये... देवा.

बी-७०४ काका, ९:२०
आता ९११ चं सांगतो. समजा, टीटीवायवरून कुणी ९११ लावला. ऑपरेटर म्हणणार "हॅलो, ९११". पलीकडून एकतर चिवचिव नाहीतर काहीच नाही. चिवचिव ऐकली की ऑपरेटरला वाटायचं फॅक्स लागला, म्हणून ठेवून द्यायचा. काहीच ऐकू आलं नाही तर ब्लँक कॉल म्हणून ठेवायचा. एका केंद्रात मी गेलो तेव्हा टीटीवाय एकच होतं आणि ते सुपरवायझरच्या कपाटात, प्लास्टिकचं कव्हर घालून. किल्ली शोधून ते बाहेर काढेपर्यंत कोण थांबणार?
१९९० मध्ये तिथे अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्याच्या नियमांत स्पष्ट लिहिलं की टीटीवायवाल्या माणसाला ९११ शी थेट बोलता आलं पाहिजे, मध्यस्थामार्फत नाही. त्यांच्या न्याय खात्याने पुढे खुलासा केला की फोन घेणाऱ्या प्रत्येक टेबलावर टीटीवायची सोय हवी, कपाटात एक ठेवून चालणार नाही. आमच्या कंपनीला कामं मिळाली ती त्यामुळे.

सी-१०५, ९:२४
मग ते ओळखणारं उपकरण काय करायचं? सूर ऐकून ऑटोमॅटिक?

बी-७०४ काका, ९:३८
हो. येणाऱ्या लाईनवर ते सतत कान लावून असतं. १४०० आणि १८०० चे सूर सापडले की ऑपरेटरच्या स्क्रीनवर टीटीवायची खिडकी आपोआप उघडते, काही ठिकाणी कानात रेकॉर्ड केलेला आवाजही येतो की हा टीटीवाय कॉल आहे. मग ऑपरेटर टाइप करतो. बोलणं एकेकाने करायचं. आपलं झालं की 'जीए' लिहायचं, म्हणजे आता तुम्ही. संपलं की 'एसके'.
एक गंमत तिथल्या पोरांना मी नेहमी दाखवायचो. त्या जुन्या कोडमध्ये प्रत्येक अक्षराला पाचच ठोके. तेवढ्यात अक्षरं आणि आकडे दोन्ही बसत नाहीत, म्हणून 'आता अक्षरं' आणि 'आता आकडे' असा इशारा आधी पाठवावा लागतो. लाईनवर खरखर होऊन तो इशारा हुकला की अक्षरांच्या जागी आकडे उमटतात. कुणी इंग्रजीत 'पॉवर आउट' लिहिलं तर समोर दिसतं ०९२३४ ९७५. नवा ऑपरेटर म्हणतो मशीन बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, घरात लाइट गेल्याचं कुणीतरी सांगत असतं. स्पेस बार दाबला की बहुतेक वेळा गाडी रुळावर येते.

ए-६०३, ९:४५
काका, माहिती खूप छान. पण आपल्याकडे टीटीवाय कुणाकडेच नाही. आपल्या प्रश्नाशी याचा संबंध कसा लावायचा?

बी-७०४ काका, १०:०५
तिकडेच येतोय. उपकरण बसवलं की काम संपलं, असं मलाही सुरुवातीला वाटायचं. पण ते जुनं टीटीवाय कुठलं तरी बटण दाबेपर्यंत एकही सूर काढत नाही. आणि फोन करणारा काय करतो? नंबर लावतो, रिसीव्हर वाट्यांत ठेवतो आणि डिस्प्लेकडे बघत बसतो. समोरून काहीतरी उमटेल याची वाट बघत. घाबरलेला असतो. त्याला स्पेस बार दाबायचं सुचत नाही. ओळखणारं उपकरण गप्प, कारण ओळखायला काही आलेलंच नाही.
म्हणून नियम असा केला की शांत कॉल आला, 'हॅलो'ला उत्तर आलं नाही, तर ऑपरेटरने फोन ठेवायचा नाही. आपल्या टीटीवायवरून आपणच आधी लिहायचं: '९११, काय मदत हवी, जीए'. प्रत्येक शांत कॉलला, न चुकता. उपकरणाला न सापडलेला माणूस या एका ओळीने सापडतो.
ताई, गुरुवारी तुम्ही तेच करत होतात. डिस्प्लेकडे बघत उभ्या होतात.

ए-३०१ ताई, १०:०९
हो काका. अगदी तशीच उभी होते. वाटत होतं, काहीतरी दिसेल.

ए-४०४ ताई, १०:१२
आत्ता वाचलं. डोळ्यांत पाणी आलं.

सी-१०५, १०:१५
काका, आता अमेरिकेत पण सगळे मेसेजच करत असतील ना ९११ ला?

बी-७०४ काका, १०:२२
बऱ्याच ठिकाणी करता येतो, सगळीकडे नाही. मोबाइल आणि इंटरनेटवरच्या फोनमध्ये ते दोन सूर नीट पोचत नाहीत, म्हणून २०१६ मध्ये रिअल टाइम टेक्स्टला मान्यता दिली. त्यात टाइप कराल ते अक्षर न अक्षर त्याच क्षणी पलीकडे दिसतं, 'सेंड' दाबावं लागत नाही. कुणी अर्ध्यात बेशुद्ध पडला तरी तोवर लिहिलेलं पोचलेलं असतं. आपल्याकडे '११२ इंडिया' ॲप आहे, ताईंनी आणि सगळ्यांनीच फोनमध्ये ठेवा. पण गेटवरचा माणूस ११२ पेक्षा जवळ आहे, दोन मिनिटांत वर येऊ शकतो. त्याच्यापर्यंतची वाट आधी मोकळी करू.

सचिव, १०:३०
काका, काय करायचं ते सांगा. गेटच्या इंटरकॉमवर फ्लॅट नंबर दिसतो, एवढं नक्की.

बी-७०४ काका, १०:३६
मग निम्मं काम झालेलंच आहे. माझं म्हणणं एवढंच: कुठल्याही फ्लॅटमधून ब्लँक कॉल आला तर तो कॉलच समजायचा. नंबर बघायचा आणि वर जायचं. फक्त ३०१ साठी हा नियम नको. पक्षाघाताचा झटका आलेल्या माणसालाही बोलता येत नाही. घास अडकलेल्यालाही नाही. घरात चोर शिरला असेल तर ज्याला उत्तम बोलता येतं तोही गप्प राहतो.

ए-६०३, १०:४१
मान्य, पण अडचण सांगतो. मुलं खरंच खेळतात. संध्याकाळी चार-पाच ब्लँक कॉल तरी येतात. रात्री गेटवर एकच माणूस, तो वर गेला तर गेट उघडं.

सी-२०२ काकू, १०:४४
माझे दोन्ही नातू त्यातले आहेत. आज त्यांना समोर बसवून ताईची गोष्ट सांगते. पुन्हा हात लावणार नाहीत.

सचिव, १०:५०
रात्री गेटला आतून कुलूप लावून जातील. कुणाला पाच मिनिटं बाहेर थांबावं लागलं तर थांबू.

ए-३०१ ताई, १०:५८
मी एक सुचवू? काकांचं उपकरण सूर ओळखतं. मी बोलू शकत नाही, पण रिसीव्हरवर नखाने टकटक करू शकते. तीनदा टक-टक-टक, थांबून पुन्हा तीनदा. मामांना ते ऐकू येईल. पण निरोप पोचला हे मला कसं कळणार? तिथे उभं राहून वाट बघणं सगळ्यात कठीण असतं.

बी-७०४ काका, ११:०३
वा ताई! हेच तर आमचं स्पेस बार. आणि पोचपावती म्हणून मामांनी गेटच्या मोबाइलवरून तुम्हाला लगेच मिस्ड कॉल द्यायचा. फोन हातात थरथरला की समजायचं, माणूस निघाला.

ए-३०१ ताई, ११:०४
हे चालेल. आमची बेलही दिव्याची आहे, दाबली की हॉल आणि बेडरूममध्ये लाइट लागतो. त्यांनी बेल दाबावी, दार वाजवू नये.

सचिव, ११:१५
ठरलं. आजच मराठीत आणि हिंदीत कागद लिहून इंटरकॉमच्या वर चिकटवतो. मीटिंगची वाट बघत नाही.

बी-७०४ काका, ११:२०
कागदावर थांबू नका. चाचणी घ्या, न सांगता. आम्ही हॉटेलच्या खोलीतून केंद्रांना टीटीवाय लावायचो. स्वतः बसवलेल्या उपकरणावर, स्वतः शिकवलेल्या माणसाने माझा कॉल फॅक्स म्हणून ठेवलाय. तिथे दर सहा महिन्यांनी उजळणी घ्या म्हणतात ते उगीच नाही. आपल्याकडे तर एजन्सी दर दोन महिन्यांनी माणूस बदलते.

सचिव, ११:२२
ताई, चाचणी तुम्हीच घ्या. वेळ आम्हालाही सांगू नका.

सोमवार

ए-३०१ ताई, रात्री ११:४८
आज दोनदा केली. पावणेनऊला लावला तेव्हा बदलीवर नवीन मुलगा होता. टकटक केली, त्याने ठेवून दिला. मी खाली जाऊन त्याला कागद दाखवला. त्याने तो बोट ठेवून वाचला, मान हलवली आणि स्वतःच्या कानाला हात लावून माझ्याकडे बघितलं. मी 'हो' म्हणाले.
साडेअकराला पुन्हा लावला. तीन टकटक. फोन हातात थरथरला. मी घड्याळ बघत होते, १ मिनिट ५० सेकंदांनी हॉलमधला दिवा लागला. तो दारात उभा होता, धापा टाकत, हातात टॉर्च. सासूबाईंनी त्याला पाणी दिलं.

बी-७०४ काका, ११:५०
पहिल्या कॉलची नोंद रजिस्टरला करा सचिव. चुकलेला कॉल लिहून ठेवायचा असतो.

सचिव, ११:५१
केली काका. उद्या दिवसपाळीच्या दोघांना मी स्वतः शिकवतो. ताई, बुधवारनंतर कधीही पुन्हा लावा.