मॅटीचं कडक कापड आधी धुवायचं की तसंच भरायला घ्यायचं?

वऱ्हाडाची_सून: रुखवताची तयारी निघाली की आमच्याकडं हाच वाद, म्हणून इथं टाकते. माझं मत सरळ आहे, क्रॉस स्टिचसाठी आणलेली नवी मॅटी पापडासारखी कडक राहते, ती आधी कोमट पाण्यात जरासा शाम्पू टाकून अर्धा तास भिजवा, पिळू नका, टॉवेलमधे गुंडाळून दाबा, ओलसर असतानाच उलट्या बाजूनं इस्त्री मारा आणि मगच सुई लावा. मागावर उभे धागे तुटू नयेत म्हणून खळ देतात, त्यात वरून फिनिशिंगची कांजी. ती तशीच ठेवली की दोरा घासून लव निघते, चमक जाते, बोटं दुखतात ते वेगळंच.

आर्वीची काकू: नाही पटलं बाप्पा. खळ आहे म्हणूनच तं खाने सरळ दिसतात! 14 काउंट म्हणजे इंचाला 14 खाने, ते मोजता मोजता डोळ्यात पाणी येते, त्यात कापड लुळं केलं की ते ताणून धरायची भरतकामाची रिंग घट्ट ओढा, अन् मंग खाने तिरपे. कडक कापड मी बिनारिंगचं हातात धरून भरते. काम झाल्यावर धुतोच ना, तेव्हा जाते खळ. आधी काहून धुवून राह्यल्या?

वऱ्हाडाची_सून: शेवटी धुता म्हणूनच तर आधी धुवा म्हणते काकू. सुती कापड पहिल्या पाण्यात आटते, आणि उभं-आडवं सारखंच आटेल असं नाही. 140 टाक्यांचा मोर 14 काउंटवर 10 इंच रुंद बसतो, भरून झाल्यावर कापड उभं जास्त आटलं तर मोर बुटका दिसणार.

आर्वीची काकू: तोरण, टेबलक्लॉथचं ठीक आहे. पण काचेमागं जाणाऱ्या गणपतीले कोण धुते व? वल्लं फडकं टाकून उलट्या बाजूनं इस्त्री फिरवली, हातात दोनदा चुरगाळलं, झालं नरम.

दर्यापूरवाला: तुमचं दोघींचं भांडण गोड पाण्याचं आहे. इथं खारपाणपट्ट्यात या. बोअरच्या पाण्यात साबणाले फेसच येत नाही, चिकट पांढरा थर कापडावर बसते, वाळलं की पहिल्यापेक्षा जास्त कडक. आमच्या घरी नळाले शहानूर धरणाचं पाणी आलं त्याच दिवशी मॅटी भिजते, नाहीतर मंग आरओच्या कॅनमधलं घ्या, अन् शेवटच्या पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर.

नवशिकी_वणी: सॉफ्टनर टाकलं तर??

वऱ्हाडाची_सून: नको. त्याचा थर धाग्यावर राहतो. खळ काढायची आणि दुसरं काही चढवायचं, याला काय अर्थ.

मास्तर_पुसद: विज्ञान शिकवतो म्हणून सांगतो, कापडाच्या कोपऱ्यावर बेटाडीनचा एक थेंब टाका. निळा-काळा झाला तर पिठाची कांजी आहे, कोमट पाण्यात बरीचशी निघून जाईल. रंग बदललाच नाही तर कडकपणा दुसऱ्या कशाचा, मग भिजवून फरक पडेलच असं सांगता येत नाही. तो कोपरा मात्र कापून टाकायचा.

आर्वीची काकू: सर, आमच्या घरची बेटाडीन बैलाच्या खांद्याले लागते, मॅटीले नाही 😄 अन् धुवा-धुवा करणाऱ्या सगळ्यायले एक विचारते, आठवडी बाजारातला सुटा लाल दोरा घेता ना? त्याचा रंग उतरते त्याचं काय? कापड आधी धुतलं तरी तो तं शेवटच्या पाण्यातच उतरन.

वऱ्हाडाची_सून: दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात दाबून बघायचा, डाग पडला तर तो दोरा तोरणाला वापरायचाच नाही. पण हा दोऱ्याचा दोष झाला काकू, माझ्या धुण्याचा नाही.

आर्वीची काकू: असो. मी तं कोरडंच भरन.