बाभळीवरचे मुंगळे

मुंगळे बाभळीचा रस पितात, असं बरेचदा म्हटलं जातं. ते तितकंसं खरं नाही. रस पितो तो फांदीला चिकटलेला, काट्यासारखा दिसणारा शिंगाळ किडा. मुंगळे प्यायला येतात ते त्याच्या मागच्या टोकातून निघणारा गोड थेंब. पुण्याच्या वेताळ टेकडीवर बाभळीची कोवळी, हिरवी फांदी दहापटीच्या भिंगातून पाहा: मुंगळा मिशांनी किड्याच्या पिल्लाच्या पोटावर टकटक करतो, थेंब आला की लगेच टिपतो. फांदी हलवू नका, प्रौढ किडे टुणकन उडतात. अंधारात टॉर्चला लाल जिलेटिन लावा, मुंगळ्यांना लाल उजेड फारसा जाणवत नाही.

मुंगळे-मुंग्या अशा किड्यांची राखण करतात का, हे घरच्या जास्वंदीवरच्या माव्यावरही (रस शोषून गोड थेंब सोडणारे बारीक किडे) तपासता येतं. सारख्या दोन फांद्या निवडा, एकीच्या बुडाशी कागदी टेप गुंडाळून त्यावर ग्रीस लावा (थेट सालीवर नको, साल खराब होते). फसतं ते बहुतेक एकाच कारणाने: शेजारचं पान टेकलेलं राहतं आणि मुंग्या त्या पुलावरून खुशाल येतात. उन्हात ग्रीस ओघळतं, धुळीने थर सुकतो, म्हणून रोज बघावं. मुंग्या थांबल्या की न टिपलेल्या थेंबांनी चिकट झालेल्या पानांवर काळी बुरशी धरू लागते आणि मावा खाणाऱ्या ढाल किड्यांना (लेडीबर्ड) तो मोकळा मिळतो.